एका पत्र्याखालची दोन तापमानं

विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, आमची मैत्रीनगर वस्ती आहे. तिथे सतरा नंबरच्या घरात चंद्रभागाबाई राहतात आणि अठरा नंबरमध्ये त्यांची धाकटी जाऊ श्यामला. घरं दोन म्हणायची, पण पत्रा एकच. सासऱ्यांनी एकच लांबलचक खोली बांधली होती. ते गेल्यावर दोघा भावांनी मध्ये एकेरी विटेची भिंत घातली आणि एका दाराची दोन दारं केली. भिंत इतकी पातळ, की एकीनं मिरचीची फोडणी टाकली की दुसरी शिंकते.

चंद्रभागाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. शाळा चौथीत सुटली, पण आकडे पक्के. खडकी बाजारातल्या एका शिंप्याकडून त्या गणवेशाच्या शर्टांचे गठ्ठे आणतात, काजं करतात, बटणं लावतात. तीस वर्षांपूर्वी एकटीनं सुरू केलं, मग एकेक करून वस्तीतल्या सात-आठ जणींना शिकवलं. दुपारी दीडच्या सुमाराला, भांडी आवरली की त्या सगळ्या सतरा नंबरमध्ये जमत आणि भिंतीला पाठ टेकून बसत. गठ्ठा चंद्रभागाबाईंच्या पुढ्यात. कुणाला किती शर्ट द्यायचे, कुणाचं काम उसवून परत करायचं, हे त्या ठरवत.

"हे काज आहे का उंदराचं बीळ?" असं त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, की जिचं काज असे ती सोडून सगळ्या हसत. वस्तीतली प्रत्येक बातमी, लग्न ठरल्याची असो की मोडल्याची, आधी त्या खोलीत यायची आणि मग बाहेर पडायची.

एवढा मान असूनही त्यांचा अर्धा जीव भिंतीपलीकडे असायचा. पाण्याची लाइन आली तेव्हा नळ श्यामलाच्या दाराशी बसला. श्यामलाच्या हातची भाकरी फुगायची, ती सासूबाई मरेपर्यंत कौतुकानं खात राहिल्या. श्यामलाची दीक्षा शिकली आणि हिंजवडीतल्या कंपनीत लागली. चंद्रभागाबाईंचा समाधानही रोज हिंजवडीला जातो, पण कंपनीची बस घेऊन. आठवड्यातून दोन-तीनदा दीक्षा त्याच्याच बसला असते. "जय भीम, दादा," म्हणते आणि मागच्या गारव्यात जाऊन बसते. समाधानच्या शेजारी इंजिन तापत असतं. ऑफिसात फार गार होतं म्हणून दीक्षा मे महिन्यात पिशवीत शाल घेऊन निघते. ती शाल दोरीवर वाळत घातलेली दिसली, की चंद्रभागाबाईंच्या तोंडाची चव जाते. पोरीबद्दल त्यांना माया नाही असं नाही. लहानपणी तिच्या डोक्याला तेल त्यांनीच लावलं होतं. पण शाल सहन होत नाही.

यंदा मार्चच्या शेवटी विहारात एक बैठक झाली. अपूर्वा नावाची एक मुलगी आली होती, शहरातल्या वाढत्या उष्णतेवर पीएच.डी. करणारी. तिनं भिंतीवर चादर टांगून प्रोजेक्टर लावला. चादरीवर तीन रेघा उमटल्या. तिन्ही डावीकडे एकाच ठिकाणाहून निघालेल्या आणि उजवीकडे जाता जाता एकमेकींपासून फाकलेल्या, मोठ्या झालेल्या भावंडांसारख्या.

"ही खालची हिरवी," अपूर्वा म्हणाली, "जगानं कोळसा, पेट्रोल झपाट्यानं कमी केलं तर. मधली, थोडंफार केलं तर. आणि ही लाल, आज चाललंय तसंच चालू राहिलं तर. हे भविष्य नाही बरं का. अंदाज आहेत. कुठली रेघ खरी होईल ते आपण काय करतो त्यावर आहे."

"आपण म्हणजे नक्की कोण?" भीमरावांनी विचारलं. भीमराव म्हणजे चंद्रभागाबाईंचे यजमान, निवृत्त वॉचमन. "माझ्याकडं एक सायकल आहे. तीपण पंक्चर."

विहार हसला. अपूर्वाही हसली, पण तिनं उत्तर टाळलं नाही. "बरोबर आहे, काका. रेघ वर नेली ती बहुतेक दुसऱ्यांनी. पण तापतो तुमचा पत्रा."

"म्हणजे एसी त्यांचा आणि घाम आमचा."

"हो. तसंच."

असं सरळ कबूल करणारं माणूस वस्तीत क्वचितच येतं. लोक ऐकू लागले. ती म्हणाली, रेघ खाली ओढायची तर सरकारांना, मोठ्या कंपन्यांना भाग पाडावं लागेल आणि त्याला वर्षं लागतील. तोवर जी उष्णता येणारच आहे तिच्याशी जगायची तयारी करायची. झाडं, सावली, उन्हातल्या कामांच्या वेळा, म्हाताऱ्यांवर लक्ष. आणि पत्रे. पत्र्याला ऊन परतवणारा पांढरा रंग दिला तर खोली गार राहते, पण किती, ते इथेच मोजून दाखवायला हवं. बारा घरं घ्यायची, सारख्यासारख्या सहा जोड्या. प्रत्येक जोडीत एका घराला रंग, एकाला नाही. बाराही घरांत उष्णता मोजणारी डबी. फरक नीट दिसला, तर एक संस्था दिवाळीनंतर वस्तीतले सगळे पत्रे रंगवून द्यायला तयार होती.

"सतरा आणि अठरा ही माझी सगळ्यात महत्त्वाची जोडी," अपूर्वा म्हणाली. "एकच पत्रा, एकच भिंत, दारं एकाच दिशेला. इतकी सारखी घरं शोधूनही सापडत नाहीत."

रंग कुणाला ते चिठ्ठीनं ठरणार होतं. स्टीलच्या डब्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या. सतरा-अठराची चिठ्ठी उचलायला श्यामला पुढे झाली, कारण ती पुढेच बसली होती. तिनं अठरा उचलली.

"उचलली कुणी? हिनंच ना?" चंद्रभागाबाई एवढंच म्हणाल्या, तेही भीमरावांच्या कानात.

दोन दिवसांनी रंगारी आले. समोरच्या तीन मजली इमारतीच्या जिन्यात उभं राहून चंद्रभागाबाईंनी काम बघितलं. अठराचा पत्रा पांढराशुभ्र होत गेला आणि भिंतीच्या बरोबर वर येऊन रंग थांबला. सरळ, पट्टीनं आखावा तसा. अलीकडे त्यांचा पत्रा, गंजलेला, त्यावर जुने टायर आणि दोन दगड. इतकी वर्षं आतल्या भिंतीला जे जमलं नव्हतं ते त्या रेघेनं केलं. आता लांबून, कुणालाही, कुठलं घर कुणाचं ते दिसत होतं.

डबी साबणाच्या वडीएवढी होती. तिला छोटी खिडकी, खिडकीत आकडा. अपूर्वानं ती दोन्ही घरांत खिळ्याला, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर टांगली. हलवायची नाही, पाणी लागू द्यायचं नाही. डबी दर तासाचा आकडा स्वतःच्या पोटात ठेवते, मी महिन्या-दीड महिन्यानं येऊन काढून घेईन, असं सांगून ती गेली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सतरामध्ये दुपारी दोनला एक्केचाळीस होते आणि अठरामध्ये सदोतीस.

पहिल्या दिवशी बायका आकडे बघायला दोन्ही घरांत फिरल्या, हसल्या, आणि परत येऊन चंद्रभागाबाईंकडे बसल्या. तिसऱ्या दिवशी दोघी म्हणाल्या, जरा श्यामलाकडं बसून येतो. आठवड्याच्या शेवटी सगळ्याच तिकडे होत्या. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. माणसं सावलीत सरकावीत तशा त्या सरकल्या. मग गठ्ठाही गेला, कारण शर्टांना घामाचे डाग पडत होते आणि शिंप्यानं दोनदा तक्रार केली होती. "बाई, तुम्हीपण या की," श्यामला दारातून म्हणाली. ती आत आली, तिनं डबीकडे पाहिलं, आणि तिचे डोळे मऊ झाले. "बेचाळीस! अगं बाई, राहता कशा तुम्ही?"

चंद्रभागाबाईंनी टोमणे पचवले असते. तो मऊपणा पचला नाही. "मला नाही लागत एवढं," त्या म्हणाल्या. "ज्यांना गार घराची सवय लागली त्यांना लागतं."

त्या गेल्या नाहीत. आपल्या वाटणीचे शर्ट भिंतीपलीकडून मागवून घेत आणि एकट्या बसून काजं करत. भिंतीतून आवाज यायचे. शब्द नाही, हसणं. आता शर्टांना चांगलं-वाईट कोण म्हणत असेल, कुणाची गंमत चालली असेल, हे भिंत सांगत नव्हती.

एके सकाळी माठ भरताना त्यांचा हात माठामागच्या कोनाड्यात गेला. माठाला त्या उन्हाळाभर ओलं गोणपाट गुंडाळतात. कोनाड्यात हाताला असा गारवा लागला, की त्यांनी तो तसाच थोडा वेळ आत ठेवला. मग जाऊन खिळ्यावरची डबी काढली आणि कोनाड्यात ठेवली. तासाभरानं बघितलं. बत्तीस.

आपण खोटं करतोय असं त्यांना वाटलं नाही, हे इथे सांगायला हवं. आमच्या वस्तीत आजवर वही घेऊन जो कुणी आला, तो तपासायलाच आला. पाण्याची टाकी झाकलेली आहे का, संडास धुतलेला आहे का, स्वच्छ घर स्पर्धेत चादर ताठ आहे का. तपासायला कुणी आलं की पसारा पलंगाखाली ढकलायचा आणि चांगला पेला बाहेर काढायचा, हे इथल्या प्रत्येक बाईला कळतं. चंद्रभागाबाईंच्या लेखी ती डबी म्हणजे भिंतीवर टांगलेली एक तपासनीस होती, आणि तिच्या वहीत दोन जावांची नावं शेजारी शेजारी लिहिली जात होती.

मग रोज अकराला डबी कोनाड्यात आणि साडेचारला पुन्हा खिळ्याला. पाच आठवडे. दुपारी डबी थंडाव्यात असायची आणि त्या स्वतः बाहेर, बेचाळीसमध्ये, पदर ओला करून मानेवर टाकलेला. पण मधूनच उठून कोनाड्यात डोकवायच्या आणि तेहेतीस किंवा बत्तीस बघून परत यायच्या. पलीकडे हसणं चाललेलं असलं तरी मग तितकं लागायचं नाही.

दुपारभर विहाराच्या ओट्यावर पेपर वाचणारे भीमराव एकदा पाणी प्यायला आले. "डबीला उन्हाळी लागली का?"

"का?"

"नाही, माठाजवळ बसवलीस म्हणून विचारलं."

"तुम्ही पेपर वाचा."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मागच्या गल्लीतल्या, एकेकाळी चंद्रभागाबाईंकडे बसून काजं करणाऱ्या सोजरबाई नळावरून येताना चक्कर येऊन पडल्या. सत्तरीच्या, एकट्या, पत्रा डोक्यावर हात उंच केला तर लागेल इतका खाली. त्यांच्या घराला ना रंग होता ना डबी. बायकांनी सावलीत नेलं, पाणी शिंपडलं, दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, दुपारी त्या घरात बसायचं नाही. तेव्हापासून सोजरबाई दुपारी श्यामलाकडे येऊन आडव्या व्हायच्या. चंद्रभागाबाईंनी त्यांना ताक नेऊन दिलं, पण अठराच्या उंबऱ्यापर्यंतच.

तिसऱ्या रविवारी अपूर्वा डब्या घेऊन गेली आणि संध्याकाळी विहारात पुन्हा चादर टांगली. पाच जोड्यांचे आकडे तिनं भराभर दाखवले. कुठे रंगानं दोन अंशांचा फरक, कुठे तिनाचा, एका ठिकाणी काहीच नाही, कारण तिथे दिवसभर चूल पेटलेली असायची. मग ती थांबली.

"आणि ही सतरा-अठराची जोडी. मला अजून कळत नाहीये." चादरीवर दोन रेघा आल्या. "रंग न दिलेलं घर रंगवलेल्या घरापेक्षा दुपारी पाच अंशांनी थंड आहे. बाराही घरांत सगळ्यात थंड. चंद्रभागाकाकू, उठा ना. सांगा सगळ्यांना, तुम्ही काय करता?"

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. चंद्रभागाबाई उठल्या. त्यांनी गर्दीत श्यामलाला शोधलं. श्यामला चादरीकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते चंद्रभागाबाईंनी ताबडतोब ओळखलं, कारण तो चेहरा त्यांनी इतकी वर्षं आतून घातला होता. आज पहिल्यांदा तो दुसऱ्या कुणाच्या अंगावर होता. तहान लागलेल्यानं पाणी प्यावं तसा त्यांनी तो बघून घेतला.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "घर नीट ठेवलं की राहतं गार."

बायका हसल्या. एक-दोघींनी श्यामलाकडे बघितलं. श्यामलानं पदर सारखा केला.

पुढच्या रांगेतून सोजरबाईंनी विचारलं, "मंग रंगाचा उपेग न्हाई म्हनायचा?"

"आज्जी, मला तर वाटत होतं आहे," अपूर्वा म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "पण बाकी जोड्यांत काही ना काही वेगळं आहे. हीच एक भक्कम जोडी होती. संस्थेची माणसं आधी हीच बघणार. हे आकडे घेऊन गेले तर म्हणतील, रंग कशाला? बायकांना घर नीट ठेवायला शिकवा."

"म्हंजे मी घर नीट ठेवत न्हाई म्हनून पडले व्हय?" सोजरबाई म्हणाल्या.

या वेळी कुणी हसलं नाही.

"एकच गोष्ट विचित्र आहे," अपूर्वा चादरीवर बोट फिरवत होती. "रोज बरोबर अकराला ही रेघ एकदम खाली पडते. आणि साडेचारला उडी मारून वर येते. रोज. अकराला तुम्ही काय करता, काकू?"

चंद्रभागाबाई काही बोलायच्या आधी श्यामलाला कळलं. पातळ भिंत दोन्हीकडून पातळ असते. रोज अकराला पलीकडे माठाचं झाकण वाजतं, खिळा किरकिरतो, हे ती पाच आठवडे ऐकत होती. तिनं मान वळवून जावेकडे बघितलं. तोंड उघडलं. मग मिटलं आणि खाली, सतरंजीकडे बघत बसली.

ती बोलणार नव्हती.

चंद्रभागाबाई उभ्याच होत्या. श्यामलानं सांगून टाकलं असतं तर त्या भांडल्या असत्या, खोटं ठरवलं असतं, वर्षभर बोलल्या नसत्या. पण ही गप्प बसली. म्हणजे आता उद्यापासून जन्मभर हिच्या गप्प बसण्यावर राहायचं. नळ हिच्या दाराशी, सावली हिच्या घरात, आणि आता आपली अब्रूही हिच्या तोंडात. शिवाय पुढे सोजरबाई बसल्या होत्या, त्यांच्या कपाळावरची खोक अजून काळी होती.

"डबी मी माठामागं ठेवत होते," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

अपूर्वाचं चादरीवरचं बोट खाली आलं.

"मी विचारलं होतं हिला," भीमराव म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा."

अपूर्वानं प्रोजेक्टर बंद केला नाही. ती तिथेच जमिनीवर बसली, मांडी घालून, चादरीवरची सतराची रेघ तिच्या खांद्यावर पडलेली. "पाच आठवडे?"

"पाच."

"काकू, पण का?"

"चिठ्ठी हिची निघाली." त्यांनी श्यामलाकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "आणि मला वाटलं, परीक्षा आहे."

"परीक्षा तुमची नव्हती. पत्र्याची होती."

"हे आधी सांगायचं होतं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. पण आवाजात धार नव्हती.

अपूर्वा बराच वेळ कागदावर काहीतरी करत बसली. शेवटी म्हणाली की या जोडीचे जुने आकडे ती वापरणार नाही, आणि ते का वापरले नाहीत हेही लिहील. पाऊस यायला अजून पंधरा-वीस दिवस आहेत. तेवढ्या दिवसांचे खरे आकडे मिळाले तर पुरतील की नाही सांगता येत नाही, पण ती दाखवून बघेल. "फक्त एक," ती दोघींकडे बघून म्हणाली. "आत्तापर्यंत रोज जसं राहत होतात तसंच राहायचं. जो जिथं बसतो तिथंच बसायचं. जास्त काही नाही, कमी काही नाही."

घरी जाताना श्यामला त्यांच्या शेजारून चालली. दाराशी आल्यावर श्यामला म्हणाली, "पाच अंश! अकराचं कळलं नसतं तर मी रात्रंदिवस विचार केला असता, बाई, की ही करते तरी काय."

"केला असतास ना?" चंद्रभागाबाईंनी विचारलं. त्यांना ते ऐकायचं होतं.

"झोप नसती लागली."

"बरं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

सोमवारी डबी खिळ्याला होती. एकला एक्केचाळीस झाले, दीडला बेचाळीस. चंद्रभागाबाई सुईत दोरा ओवत होत्या तेवढ्यात दारात सावली पडली. सोजरबाई होत्या. मागे बाकीच्या सगळ्या, सुया-दोरे घेऊन. सगळ्यात मागे श्यामला, डोक्यावर शर्टांचा गठ्ठा.

"सरका वाईच," सोजरबाई म्हणाल्या आणि आपल्या जुन्या जागी, दाराजवळच्या भिंतीला टेकून बसल्या. एकेक करून सगळ्या बसल्या, जिची जी जागा होती तिथेच. इतक्या दिवसांनंतरही कुणाला विचारावं लागलं नाही. श्यामलानं गठ्ठा चंद्रभागाबाईंच्या पुढ्यात ठेवला.

"हे काय?"

"अवो, आठ बायांची ऊब लागली म्हंजे डबी चढंल," सोजरबाई म्हणाल्या. "त्या पोरीला चांगला मोठा फरक दावू. मागं जेवढं खाली नेलं तेवढं वर नेऊ. हिशोब पुरा."

बायका खुदखुदल्या. एकीनं शर्ट पुढे केला, "बाई, बघा हो, बीळ झालं का काज?" खोलीत माणसांचा, घामाचा, खोबरेल तेलाचा वास भरला. सगळ्या परत आल्या होत्या. दीड महिना चंद्रभागाबाईंनी हेच, एवढंच मागितलं होतं, कुणाजवळही न बोलता. गठ्ठ्याची गाठ त्यांच्या हाताखाली होती. त्यांनी ती सोडली. वरचा शर्ट उचलला. मग डबीकडे बघितलं. त्रेचाळीस.

सोजरबाईंचा श्वास जोरात चालला होता. ओठ सुकले होते.

चंद्रभागाबाईंनी शर्ट घडी करून परत ठेवला आणि गाठ मारली. "उठा."

"आता काय झालं?"

"मागं मी खोटं गार केलं. आता तुम्ही खोटं गरम करायचं नाही. ती काय म्हणाली, जो जिथं बसतो तिथं बसायचं. तुम्ही कुठं बसता?"

बायकांनी भिंतीकडे बघितलं. सगळ्यांना माहीत होतं.

"बोला की. कुठं बसता रोज?"

"श्यामलाकडं," एकजण हळूच म्हणाली.

"मग जा तिकडं. आणि सोजरबाईला आधी आडवी करा. पाणी द्या तिला. माझ्या घरात पडायला नको, पुन्हा म्हणाल घर नीट ठेवत नाही."

त्या उठल्या. आत येताना जेवढा वेळ लागला होता त्याच्या निम्म्यात खोली रिकामी झाली. श्यामलानं गठ्ठा उचलला, पण ती दारात रेंगाळली. "बाई, तुम्हीपण चला. खरंच. आता कशाला एकट्या..."

चंद्रभागाबाईंना जायचं होतं. तिकडे सहा अंशांनी कमी होतं आणि सगळ्या जणी होत्या. "मी रोज बसते का तुझ्याकडं?"

"नाही."

"मग? पाऊस येईपर्यंत नाही बसता येणार."

श्यामला गेली. चंद्रभागाबाईंनी पदर ओला करून मानेवर टाकला आणि आपल्या वाटणीचे तीन शर्ट घेऊन खिळ्याखालच्या जागेपासून जरा लांब, नेहमीच्या ठिकाणी बसल्या. पहिलं काज अर्धं झालं तेव्हा भिंतीपलीकडे कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळ्या एकदम हसल्या. त्यात सोजरबाईंचंही हसणं होतं. कशावर हसल्या ते कळलं नाही.

त्यांनी काज पुरं केलं, दोरा दातांनी तोडला आणि बोटाच्या पेरानं भिंत वाजवली.

"श्यामल, तुझी डबी किती?"

"सदोतीस, बाई. तुमची?"

"त्रेचाळीस."

मग श्यामला म्हणाली, "चांगलंय की."

चांगलंच होतं. चांगले सहा अंश होते, मागच्या गल्लीतल्या पत्र्यांपर्यंत रंग पोचवतील इतके. तरी सदोतीस हा आकडा चंद्रभागाबाईंच्या डोक्यातून जाईना. त्यांनी दुसरा शर्ट मांडीवर घेतला.